कोंबडीची साक्ष

भानाजीराजांची लाडकी कोंबडी मेली आणि साऱ्या गावच्या कोंबड्यांना देहदंडाची शिक्षा झाली!

वाड्यातल्या कोंबड्या बरेच दिवस मलूल होत्या. तुरे फिके पडलेले, पिसं फुगवून कोपऱ्यात बसायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. वैद्यांनी केशराचं पाणी पाजलं, ज्योतिष्यांनी शनी शोधून काढला, आणि कारभारी येसाजीरावांनी गंभीर चेहऱ्यानं निदान केलं, की गावच्या कोंबड्यांचं वारं लागलंय. राजांना ते लगेच पटलं. दोष दुसऱ्याच्या परसात निघाला की त्यांना नेहमीच लगेच पटायचं. भल्या सकाळी दवंडी फिरली, की दिवस मावळायच्या आत गावातली एकूण एक कोंबडी कापा.

हौसाचं घर चालायचं ते कोंबड्यांवरच. नवरा वारलेला, रान नाही, परसातलं खुराडं हाच तिचा संसार. दवंडी ऐकून ती ऊर बडवेल असं शेजारणींना वाटलं. ती हसली. इतक्या मोठ्यानं हसली, की शिपायांनी तिला धरून वाड्याकडे चालवलं. वाटेत ओढा लागला तेव्हा ती वाकली आणि मूठभर बारीक खडे ओच्यात बांधून घेतले.

आता वाड्यात खडा नेणं म्हणजे जिवाशी खेळ होता. एकदा जेवताना राजांच्या दाढेखाली खडा आला होता. तेव्हापासून हुकूमच होता, की वाड्यातल्या कुठल्याही दाण्यात खडा सापडला तर निवडणाऱ्याची बोटं छाटू. येसाजीरावांनी हुकुमावर आणखी कळस चढवला. कोंबड्यांची ज्वारी निवडायला गावातल्या बायका बसवल्या आणि कोंबड्यांचं अंगण गुळगुळीत फरशीनं मढवलं. राजे खूश, कारभारी खूश. कोंबड्यांना कोण विचारतो?

का हसलीस, असं राजांनी दरडावून विचारलं. हौसानं सांगितलं, की दुखणं गावातून आलेलं नाही, वाड्यातच तयार झालंय. येसाजीराव फिसकन हसले. ही अडाणी बाई आपलं खुराडं वाचवायला काहीही बरळणार, असं ते म्हणाले.

राजांनी मिशीला पीळ दिला. "ठीक आहे. तुझंही ऐकत नाही, यांचंही ऐकत नाही. भर दरबारात कोंबडीनं स्वतः सांगावं, तिला काय होतंय ते. सांगितलं तर गावच्या कोंबड्या सुटल्या. नाही तर पहिली सुरी तुझ्या खुराड्यात!"

राजे स्वतःच्या बोलण्यावर हसले, म्हणून दरबारही पोट धरून हसला.

"मग आणा की तिला," हौसा म्हणाली. "आजाऱ्याला ताटकळत ठेवू नये."

मखमली गादीवर बसवून एक मलूल कोंबडी आणली गेली. हौसानं तिला काखेत धरलं आणि गळ्याखाली बोटानं दाबून पाहिलं. एरवी सकाळी रिकामी असणारी गळ्यातली दाण्याची पिशवी टम्म फुगली होती. काल खाल्लेलं तिथंच पडून होतं. मग हौसानं दोन ताटल्या मांडल्या. एकीत वाड्याची निवडलेली ज्वारी, दुसरीत ओच्यातले खडे.

"खडे!" येसाजीराव किंचाळले. "कोंबडीच्या दाण्यात खडे! महाराज, हिची बोटं..."

"दाण्यात कुठं? शेजारी ठेवल्यात," हौसा म्हणाली. "हुकूम तुमचाच हाय, जरा ध्यानात ठेवत जा."

तिनं कोंबडी खाली सोडली. ज्वारीकडे कोंबडीनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती तुरूतुरू खड्यांकडे गेली आणि कित्येक दिवसांची उपाशी असल्यासारखी टकाटक वेचू लागली.

"ऐकलंत, महाराज? तिला दात न्हाईत. दाणा दळायचा तो पोटातल्या खड्यांनी. तुम्ही तिचं जातंच काढून घेतलंत. खडा आला तुमच्या दाढंखाली, आन् शिक्षा झाली दात नसलेल्या जिवाला!"

राजांनी वैद्यांकडे पाहिलं, कारभाऱ्यांकडे पाहिलं. दोघंही फरशी न्याहाळत होते.

"इतकी साधी गोष्ट," राजे गरजले, "आणि एवढ्या मोठ्या दरबारात कुणालाच कळली नाही?"

"कळली व्हती की," हौसा म्हणाली. "समद्यांच्या परसात कोंबड्या हाईत, आन् चांगल्या धडधाकट हाईत. पर कोंबडीला कुणी जहागीर दिली न्हाई, म्हणून ती खरं बोलली."

राजांचे डोळे लाल झाले. मग मिशी थरथरली, आणि ते असे हसले, की पागोटं घसरून कानावर आलं. या वेळी दरबारात दुसरं कुणी हसलं नाही.

गावच्या कोंबड्या वाचल्या. वाड्यातल्या अंगणाची फरशी उखडली, आणि गळ्याला तेल चोळून, मऊ खाऊ घालून हौसानं राजांच्या कोंबड्याही उभ्या केल्या. तिला चांदीचे तोडे मिळाले आणि वाड्याच्या खुराड्याची मुखत्यारी मिळाली. येसाजीरावांना रोज ओढ्यावरून खड्यांची पाटी डोक्यावर आणायचं काम मिळालं. पहिली पाटी हौसानं हातात घेऊन नीट पाहिली आणि खडे फार मोठे आहेत, निवडून आणा म्हणून परत पाठवली.