संप करणारं गाढव साहेब झालं

तर पोरांनो, नदीकाठच्या रानात एका अस्वलानं गुऱ्हाळ घातलं होतं. ऊस वाहायला गाढवं. अस्वल मोठं चिकट. दिवसभर भारे वाहून घ्यायचं आणि खायला द्यायचं काय, तर रस काढलेली कोरडी चिपाडं. त्या गाढवांत एक गाढवीण होती. म्हातारपणी दोन वेळ पोटाला मिळावं, एवढंच तिचं मागणं. नवरा भोळा. इतका भोळा, की पाठीवर माशी बसली तरी "बसा, बसा" म्हणायचा.

एक दिवस त्यांच्यातलंच एक गाढव राखेच्या ढिगावर चढलं आणि ओरडलं, "उसाचे हिरवे शेंडे दिल्याशिवाय भारा उचलायचा नाही!" आता गाढवांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. एक ओरडलं की सगळी ओरडतात, कशासाठी ते मागून विचारतात. रान दणाणलं. तोडलेला ऊस वाळायला लागला, तसं अस्वल नरमलं. शेंडे मिळाले, वर दुपारचा विसावा मिळाला. खोटं कशाला बोला, त्या गाढवानंच ते मिळवलं. सगळी त्याला दादा म्हणायला लागली, गाढविणीनंसुद्धा त्याला ओवाळलं.

पण शेंडे खाऊन त्याचा आवाज फारच वाढला. पुढच्या हंगामात स्वारी परत ढिगावर. "आता रोज गुळाची ढेप पाहिजे!"

"अहो, गूळ कशाला हवाय आपल्याला?" गाढवीण नवऱ्याला म्हणाली. "शेंडे मिळतायत ना? अस्वल गुऱ्हाळच उचलून नेईल."

"तू गप गं! दादा बोललेत म्हणजे विचार करूनच बोललेत." आणि हे मान वर करून ओरडायला मोकळे!

उसाच्या वाळून काटक्या झाल्या. अस्वलानं कढई उचलली आणि नदीपलीकडं उंट कामाला लावले. इकडं शेंडेही गेले आणि चिपाडंही गेली. मग दादा म्हणाले, "घाबरू नका. मी सिंहाच्या दरबारात जातो आणि तुमचं गुऱ्हाळ परत आणतो." झालं! सगळ्यांनी त्यांना मिरवत पोचवलं. एवढी गाढवं मागं ओरडतायत बघून सिंहानं दादांना शेजारी बसवून घेतलं. दादांचे साहेब झाले. गुऱ्हाळ काही आलं नाही.

उन्हाळाभर गाढविणीनं काटे चघळले. बरगड्या वर आल्या. मग एक दिवस नवरा धावत आला. "अगं, काम आलं! गुऱ्हाळाच्या जागेवरच!"

जाऊन बघते तर दगड वाहायचे होते. साहेबांचा महाल बांधायला काढला होता. खायला मूठभर वाळकं गवत.

"आणि दुपारचा विसावा?"

"आपल्याच साहेबांचं काम. त्यात विसावा कसला मागायचा?"

"मग करा की संप!"

नवरा गोंधळला. "साहेबांविरुद्ध? अगं, मग पुढं उभं कोण राहणार? संप तर साहेबच करतात!"

गाढविणीनं कपाळ बडवून घेतलं. पण पोट काही ऐकेना, म्हणून पाठीवर दगड घेतला. खालचा मजला उभा राहिला, तसे साहेब सज्जात आले. "काय वहिनी, बरं चाललंय ना?"

"फार बरं चाललंय, साहेब. फक्त आणखी मोठे होऊ नका. वरचा मजला आम्हालाच चढवायचाय."

तात्पर्य : आपल्यातला एखादा मोठा झाला की आपलं भलं झालं, असं समजून नाचू नये. आधी आपल्या पाठीला विचारावं.