सशिणीचा वेल आणि वरचा उतार

डोंगराच्या पायथ्याशी एका सशिणीचे बीळ होते, आणि बिळाभोवती शेंगांचा रानवेल दाट पसरला होता. त्या वेलाचा तिला तोरा तरी किती, मुलांनो! पानांखालची माती भर उन्हातही ओलसर राहायची. तिची तीन पिले त्या गारव्यात मजेत वाढत होती.

वरच्या उतारावर एक साळिंदर राहत असे. तिथे गवताची काडीही नव्हती. एके दिवशी ते खाली येऊन म्हणाले, "वहिनी, वेलाचे थोडे तुकडे द्या ना. पाऊस आला की माझ्याकडची माती ठरतच नाही."

"वा! म्हणजे माझा वेल बोडका करायचा?" सशीण फणकारली. "शेंगा वाळल्या की बी न्या."

"तोवर पावसाळा सरेल, वहिनी."

"सरू दे! वरची माती वरच्यांनी सांभाळावी."

साळिंदर उतार चढून परतले.

पुढे एका दुपारी सशीण चरायला गेली असताना धो धो पाऊस कोसळला. धावत परतते तो काय! वरून आलेल्या चिखलाने वेल गाडला गेला होता आणि बिळाचे तोंड बुजले होते. "माझी पिलं आत आहेत हो!" तिने टाहो फोडला. साळिंदर धडपडत खाली आले आणि नखांनी भराभर चिखल उपसू लागले. अखेर तिन्ही पिले शिंकत बाहेर आली. सशिणीला रडू आवरेना. साळिंदर एका शब्दानेही तिला टोचून बोलले नाही. त्यामुळे तर ती अधिकच शरमली.

काही दिवसांनी तिने चिखलातून वेलाची एक फांदी ओढून पाहिली. अगं बाई! मातीत दबलेल्या प्रत्येक पेराला पांढरी मुळे फुटली होती. तशी ती लगबगीने वेलाचे तुकडे दातांनी तोडून उतारावर घेऊन गेली. साळिंदराने खड्डे केले, पिलांनी तुकड्यांची खालची पाने खाऊन टाकली आणि सशीण तुकडे रोवू लागली.

"वहिनी, उलटा लावलात की! बुडाकडचं टोक मातीत, आणि पेर नीट दाबा," साळिंदर हसून म्हणाले.

तुकडे रुजले, वेल फोफावला. खाली तोडलेल्या जागीही नवे फुटवे आले. मग पुन्हा एकदा आभाळ भरून आले आणि जोराचा पाऊस लागला. सशीण पिलांना पोटाशी घेऊन दारात बसली. ती सारखी वर उताराकडे पाहत होती. वरून पाण्याचा ओहोळ आला. पाणी नितळ होते. पिले तिच्या कुशीतून सुटली आणि त्यात उड्या मारू लागली.

तात्पर्य : शेजाऱ्याची अडचण आपण झटकून टाकली, तर ती आपल्याच दारी येऊन उभी राहते.