बिटकी बघते खालून

एक होती बेडकी. केवढी? बोराएवढी! नाव तिचं बिटकी.

बिटकी राहायची रोपवाटिकेत, नळाखालच्या मातीच्या पसरट परळात. रोज चिमणी यायची. पाणी प्यायची, गप्पा मारायची.

एक दिवस नळाला पाणीच आलं नाही. परळ सुकलं. चिमणी गेली दुसरीकडे. दुसऱ्या दिवशीही आली नाही. बिटकीला फार फार एकटं वाटलं. ती रडली. पण रडून का परळ भरतं?

निघाली बिटकी, टुपुक टुपुक, नळाकडे.

"नळदादा, नळदादा, पाणी सोड!"

"का गं?"

"परळ भरेना, चिमणी येईना, मी आपली एकटीच!"

"मला पाइप पाणी धाडेना. आधी पाइपला सांग."

टुपुक टुपुक, बिटकी गेली पाइपकडे.

"पाइपदादा, पाइपदादा, पाणी धाड!"

"का गं?"

"नळ पाणी सोडेना, परळ भरेना, चिमणी येईना, मी आपली एकटीच!"

"माझा सांधा झालाय सैल. सगळं पाणी मातीत जिरतं, फुस्स! आधी पान्याला सांग, मला आवळ."

टुपुक टुपुक, बिटकी गेली पान्याकडे. पाना केवढा! लोखंडी, जाडजूड, दातवाला.

"पानोबा, पानोबा, पाइप आवळ!"

"का गं?"

"पाइप पाणी धाडेना, नळ पाणी सोडेना, परळ भरेना, चिमणी येईना, मी आपली एकटीच!"

"माझे दात मळलेत. मळके दात सटकतात. मग कुणाचं तरी बोट चेंगरतं, आई गं! आधी ब्रशला सांग, मला घास."

टुपुक टुपुक, बिटकी गेली तारेच्या ब्रशकडे.

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, पाना घास!"

"का गं?"

"पाना पाइप आवळेना, पाइप पाणी धाडेना, नळ पाणी सोडेना, परळ भरेना, चिमणी येईना, मी आपली एकटीच!"

"मी टांगलोय खिळ्याला. आधी इंदूकाकींना सांग, मला उचला."

नळ-पाइपांचं काम इंदूकाकींचं. त्या बसल्या होत्या उपड्या बादलीवर, हनुवटीला हात लावून.

"काकी, काकी, ब्रश उचला!"

"का गं बाई?"

"ब्रश पाना घासेना, पाना पाइप आवळेना, पाइप पाणी धाडेना, नळ पाणी सोडेना, परळ भरेना, चिमणी येईना, मी आपली एकटीच!"

काकी म्हणाल्या, "अगं, आमचा नेम आहे. जड पाना दोघींनी तपासायचा. वरून मी बघायचे, खालून माझी जोडीदारीण सखूबाई. सखूबाई गेली लेकीकडे, लांब. आता मीसुद्धा एकटीच."

बिटकीला वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "खालून? मी तर खालीच असते!"

काकी हसल्या. पाना ठेवला दोन विटांवर. बिटकी शिरली खाली.

"दांडा वाकलाय?"

"नाही!"

"कुठे भेग?"

"नाही!"

"दात?"

"थांबा, थांबा! दातात खडा!"

काकींनी वाकून बघितलं. "वरून दिसलाच नाही गं! पाना सटकला असता. माझं बोट गेलं असतं!"

काकींनी ब्रश उचलला. ब्रशनं पाना घासला, खर्र खर्र! खडा पडला, टिंग! पान्यानं पाइप धरला, कच्च! काकींनी पाय रोवले. पाना ओढला आपल्याकडे, हळूहळू. झटका नाही, घाई नाही. पाइप आवळला. पाइपनं पाणी धाडलं. नळानं पाणी सोडलं, धो धो! परळ भरलं, काठोकाठ.

चिमणी मात्र त्या दिवशी आली नाही. बिटकी वाट बघत बसली. काकी शेजारी येऊन बसल्या.

"येईल हो उद्या," काकी म्हणाल्या.

"आणि नाही आली तर?"

"मी येईन की. उद्या दुसरा जड पाना तपासायचाय. वरून बघेन मी. आणि खालून?"

"मी!" बिटकी ओरडली, आणि पाण्यात उडी मारली.

डुबुक!