सुगरणीकडचा लाल कंदील

झाडांवर बाजार भरायचा, त्या काळची गोष्ट. एक खार मोठी काटकसरी होती. तिचे म्हातारे बाबा म्हणाले, "पोरी, माझी नजर अधू होत चाललीय. यंदा सुगरणीकडचा तो लाल कंदील आण ना."

"दिवाळी सरू द्या, बाबा. मग ती निम्म्या भावात देऊन टाकते. पुढच्या वर्षी लावू की!"

सण सरला. खारीने निम्मेच दाणे मोजून कंदील आणला, पानांत गुंडाळून ढोलीत जपला आणि वर्षभर शेजारणींना सांगत राहिली, "बघा, किती वाचवले!"

पुढच्या दिवाळीला तिने आत काजवे सोडून कंदील फांदीला टांगला. "बाबा, लागला हो!"

बाबा भलत्याच बाजूला तोंड करून हसले.

"सुरेख दिसतोय गं. लालच आणलास ना?"