ठिपकीचा पंख आणि चिमूटभर मीठ

एक होतं पाखरू, मुनिया. तिचं नाव ठिपकी. चिमणीहून छोटी, पण नाकावर मोठ्ठा राग!

ठिपकी बसली मिठागराच्या बांधावर. बाजूला पाणी उपसायचं इंजिन. टप्प! तेलाचा थेंब पडला पंखावर. पंख चिकटला. भुर्र उडणं गेलं!

ठिपकी रडली? छे! तिने पाय आपटला. निघाली टुणुक टुणुक.

बादलीत होतं पाणी.
"पाणी पाणी, पंख धू."
"नाही धुणार. तेल माझं ऐकत नाही. आधी साबण जमू दे, तोच तेल धरेल."
ठिपकी म्हणाली,
"पाणी धुईना,
पंख उघडेना,
पण मी हटेना!"
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

दगडावर होता साबण.
"साबण साबण, जमून ये."
"नाही जमणार. माझे इवले कण, डोक्या-शेपटीची लेकरं, भारी भांडखोर. डोक्याजवळ डोकं आलं की ढकलाढकली! आधी मीठ मध्ये बसू दे."
ठिपकी म्हणाली,
"साबण जमेना,
पाणी धुईना,
पंख उघडेना,
पण मी हटेना!"
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बांधावर होता मिठाचा पांढरा ढीग.
"मीठ मीठ, मध्ये बस."
"नाही येणार. मला काय पाय आहेत? आधी हिरूबायला उचलू दे."
ठिपकी म्हणाली,
"मीठ येईना,
साबण जमेना,
पाणी धुईना,
पंख उघडेना,
पण मी हटेना!"
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

हिरूबाय मिठागरात मीठ काढायची. आता मात्र बसली होती बाळाची झोळी हलवत.
"हिरूबाय हिरूबाय, मीठ उचल."
"नाय उठायची मी! पोर रडतंय माझं. आधी त्याला हसू दे."
ठिपकी म्हणाली,
"हिरूबाय उठेना,
मीठ येईना,
साबण जमेना,
पाणी धुईना,
पंख उघडेना,
पण मी हटेना!"
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

झोळीत होतं बाळ. वँ वँ वँ!
"बाळा बाळा, हास ना."
"नाही हसणार! आधी तू उडून दाखव."

ठिपकी थबकली. उडून दाखव? उडता येत नाही, म्हणून तर इथवर आली! तिला खूप खूप राग आला. ती ओरडली,
"बाळ हसेना,
हिरूबाय उठेना,
मीठ येईना,
साबण जमेना,
पाणी धुईना,
पंख उघडेना,
पण मी हटेना!
उडता येत नाही? मग उडी मारते!"

टुण्ण! धप्प! पडली चिखलात.
"पुन्हा मारते!"
टुण्ण! धप्प! आपटली शेपटीवर.
"अजून मारते! बघच तू!"
टुण्ण! धप्प! चोचीला चिखल, डोक्याला चिखल.

बाळ बघतच राहिलं. आणि हसलं. खुदुखुदु खुदुखुदु!

बाळ हसलं, हिरूबाय उठली. तिने साबण पाण्यात घोळला. उचलली मिठाची अख्खी टोपली. रोजची सवय ना!
साबण किंचाळला, "अगं बाय! टोपली नको! मी दुधासारखा फाटेन! चिमूट पुरे!"
हिरूबायने जीभ चावली. टाकलं चिमूटभर मीठ. ठिपकीने पंख बुडवला.

मीठ मध्ये बसलं. ढकलाढकली थांबली. साबणाची लेकरं जमली. गोल गोल, गोल गोल!
साबण ओरडला, "डोकी बाहेर! शेपट्या आत!"
डोक्यांना हवं पाणी, शेपट्यांना हवं तेल. शेपट्यांनी तेल धरलं. गोळ्यात कोंडलं. गट्टम!
पाण्याने पंख धुतला. खळळ खळळ!
पंख उघडला. फड फड फड!

हिरूबाय म्हणाली, "दमलीस गो बाय. बस जरा."
"बसू? मी?" ठिपकी म्हणाली. "नाही बसणार!"

आणि गेली.
भुर्र... भुर्र... भुर्रर्र!