मूळ ठिकाणी रवाना

त्या राज्यातल्या टोकदार कानांच्या लोकांना मरण नव्हते. तरी जे सोयीचे नाही ते त्यांना आठवत नसे.

सगळे जागे झाले होते एकाच तळ्याकाठी, चांदण्यांखाली. मग समुद्रापलीकडून उजेडाची हाक आली आणि बहुतेकांनी चंबूगबाळे उचलले. काही पहिल्या नदीपाशीच दमले, काही डोंगर बघून बिचकले, आणि जो जिथे बसला तिथे त्याने आपले वेगळे कुळ मांडले. जहाजांपर्यंत पोहोचले ते उजेडवाले झाले. तळ्यावर राहिली शेवरी आणि तिची चाळीस घरे. शेवरीने कुणावर राग धरला नाही. उलट जाणाऱ्यांच्या शिदोऱ्या तिनेच बांधून दिल्या होत्या.

युगे लोटली. पलीकडे उजेडवाल्यांचे आपसांत फाटले आणि ते पांढऱ्या जहाजांतून परतले. येताना एक कोरीव शिळा घेऊन आले. आपण सारे उजेडातून आलो आणि हे तळे आपलेच, असे तिच्यावर लिहिले होते. त्यांनी तळ्याला कुंपण घातले आणि दारात वही मांडली. वहीत प्रश्न एकच: कुठून आलात?

"आलो नाही," शेवरी म्हणाली. "इथेच जागे झालो."

कारकुनाने पाने चाळली. तसा रकाना नव्हता. त्याने 'ठाऊक नाही' असे लिहिले, आणि ज्याला मूळ ठाऊक नाही त्याला मूळ ठिकाणी पाठवावे, हा नियम वाचून दाखवला.

शेवरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक न्यायासनापुढे जाऊन उभी राहिली. तिथे तेजवर्धन बसला होता, गळ्यापर्यंत रेशमात. जागे होण्याच्या त्या पहिल्या दिवशी हाच तोंडघशी पाण्यात पडला होता आणि तिने कान धरून त्याला बाहेर ओढले होते.

"अरे बुडक्या, वर बघ! हे नाव मीच ठेवलंय तुझं. याच हातांनी काढलाय तुला या तळ्यातून."

तेजवर्धनाचा हात नकळत कानाकडे गेला. तो त्याने खाली घेतला.

"बाई, शिळेवर तुमचा उल्लेख नाही."

"शिळा कोरली तेव्हा मला विचारायला आला होतास? लाज कशी वाटत नाही रे!" संतापाने तिला रडू फुटले, आणि रडू फुटल्याचा आणखी संताप आला.

चाळीस घरांतली माणसे तळ्याच्या पायऱ्यांवरून एका मोठ्या नावेत कोंबली गेली. नावाडी नदीपाशी दमलेल्यांपैकी होता. कुठे सोडू, असे त्याने विचारले तेव्हा शिपायाने हुकूम दाखवला: मूळ ठिकाणी. नावाड्याने तो दोनदा वाचला. मग त्याने तळ्यात एक वळसा घातला आणि नाव त्याच पायऱ्यांना आणून लावली.

"इथे उतरायचं नाही," शिपाई खेकसला. "आधी मूळ ठिकाणी जाऊन या."

त्याने बांबूने नाव ढकलली. नावाड्याने पुन्हा वळसा घातला.

अजूनही ती नाव तळ्यात गोल फिरते आहे. पायऱ्यांपाशी आली की एक बाई उभी राहते आणि घसा फाटेस्तोवर ओरडते, "हेच! हेच ते ठिकाण!" उजेडवाले बायकामुलांसह तिथे हवा खायला येतात, आणि नावेकडे बोट दाखवून मुलांना सांगतात, "ते बघ, उपरे."