कानात कापूस घालून निवडलेली गिटार

एकदा एका वाद्यवृंदातल्या गिटारवादकाला नवी गिटार घ्यायची होती. हा वाद्यवृंद माघापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांत कार्यक्रम करीत असे. त्यातील प्रमुख गायिकेला सर्वजण 'बाई' म्हणत. जत्रेत गाणे कोठे थांबेल हे गाणाऱ्याच्या हाती नसते. मध्येच कोणी पाहुणे येतात, त्यांना शाल आणि नारळ द्यायचा असतो. म्हणून बाईंच्या डाव्या हाताच्या दोन खुणा ठरलेल्या होत्या. तळहात गोल फिरला की मधले संगीत वाजवत राहायचे. मूठ वळली की सर्वांनी तत्क्षणी थांबायचे.

मागील मोसमात या वादकाने ती मूठ तीनदा चुकवली. तिसऱ्या वेळी तर जत्रा समितीच्या दिवंगत अध्यक्षांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सारा मंडप उभा राहिला होता, आणि याची गिटार एकटीच नाचाच्या ठेक्यावर पुढे निघून गेली. मोसम संपल्यावर बाईंनी त्याला बोलावून सांगितले, "पुढच्या मोसमात पहिल्या जत्रेत माझा हात चुकवलास, तर दुसऱ्या जत्रेला येऊ नकोस. मी गिटारशिवाय गाईन."

दोष आपल्या जुन्या गिटारचा आहे, असे वादकाने मनाशी ठरवले. तिच्याशी झगडण्यात लक्ष जाते, उत्तम गिटार असली की सारे उत्तम होईल. त्याने एक वही केली. तीत एकतीस गिटारींची नोंद केली. लाकूड, वजन, तारा, खुंट्या, घुमारा असे रकाने आखले. सहा महिन्यांनी यादीत तीन गिटारी उरल्या. खरे तर दोनच उरल्या होत्या, परंतु दोहोंची यादी म्हणजे यादीच नव्हे, म्हणून त्याने तिसरी ठेवली होती. तिच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात 'बरी' एवढाच शब्द होता.

पहिली जत्रा आठ दिवसांवर आली तरी निर्णय होईना. तेव्हा तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. त्यांनी चाळीस वर्षे अशाच दौऱ्यांत गिटार वाजवली होती आणि सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. मास्तरांनी चष्मा लावून वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"छान," ते म्हणाले. "अक्षर सुधारलंय तुझं. चल दुकानात."

दुकानदाराने तिन्ही गिटारी काउंटरवर मांडल्या. मास्तरांनी खिशातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत नीट बसवले. दुकानदार पाहतच राहिला.

"मास्तर, गिटार बघायला आलात ना? की कान दुखतोय?"

"काय?" मास्तर म्हणाले.

मग त्यांनी आपली अट सांगितली. प्रत्येक गिटार पाठीला लावून शिष्याने स्कूटरवर बसायचे, बाजार समितीच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे, आणि आल्याबरोबर उभ्यानेच एक पूर्ण गाणे वाजवायचे. त्या रस्त्यावर जाताना तीन आणि येताना तीन गतिरोधक होते.

"शोरूममधली गिटार स्कूटरवर?" दुकानदार म्हणाला. "ती काय मेथीची जुडी आहे?"

"ऐकू येत नाही, शेठ."

दुकानदाराने थोडा विचार केला आणि हलक्या आवाजात विचारले, "चहा घेणार?"

"साखर कमी," मास्तर म्हणाले.

गिटार नजरेआड होऊ द्यायची नाही म्हणून शेवटी दुकानदार स्वतःच स्कूटर चालवायला बसला.

पहिल्या गिटारवर शिंपल्यांची नक्षी होती. गतिरोधकांनी तिला काही झाले नाही. पण उभे राहून वाजवताना तिची मान सारखी खाली झुके आणि पट्टा खांद्यावरून सरके. शिष्य एका हाताने तिला सावरत, पट्ट्याकडे पाहत वाजवीत होता. मास्तर समोर स्टुलावर बसून होते. त्यांचा डावा हात मधूनमधून वर जाई आणि खाली येई.

दुसरीचा आवाज इतका गोड होता की रस्त्याने जाणारे दोघे पायरीवर थांबले. परंतु धक्क्यांनी तिच्या तारा उतरल्या होत्या. शिष्य दोन ओळी वाजवी, मान वाकडी करून खुंटी पिळी आणि पुढच्या दोन ओळी वाजवी. मास्तरांचा हात पुन्हा वरखाली होत होता. दुकानदाराने शिष्याच्या कानाशी लागून विचारले, "यांना हाताचं काही दुखणं आहे का?"

तिसरी तपकिरी रंगाची साधी गिटार होती. सहा गतिरोधक ओलांडून ती आली तशीच खांद्यावर स्थिर राहिली. शिष्याने अनिच्छेनेच वाजवायला सुरुवात केली. पहिले कडवे संपते न संपते तोच तो एकाएकी थांबला.

"थांबलात का?" दुकानदाराने विचारले.

"मास्तरांनी मूठ वळली," शिष्य म्हणाला, आणि स्वतःचेच वाक्य ऐकून चकित झाला.

मास्तरांनी कानांतला कापूस काढला. "हीच घे."

"पण मास्तर, दुसरीचा आवाज तुम्ही ऐकलाच नाहीत."

"ऐकला असता तर मी भुललो असतो. चाळीस वर्षांत दोनदा भुललोय, म्हणून तर कापूस बाळगतो. पहिल्या गिटारच्या वेळी मी अकरा वेळा मूठ वळली. तू पट्ट्याकडे बघत होतास. दुसरीच्या वेळीही अकरा वेळा. तू खुंटीकडे कान लावून बसलास. तिसरीच्या वेळी पहिल्या मुठीला थांबलास. घरी बसून वाजवायची असती तर दुसरीच घे म्हटलं असतं. पण तुला दौऱ्यावर जायचंय. तिथे टेम्पोचे धक्के असतात, धूळ असते, तीन तास उभं राहायचं असतं, आणि इतकं सगळं असूनही नजर मोकळी ठेवायची असते. जे वाद्य सारखं आपल्याकडे बघायला लावतं, ते घरी ठेवावं. दुसऱ्याकडे बघू देतं, ते बरोबर न्यावं."

शिष्याने वही उघडली. लाकूड, वजन, तारा, खुंट्या, घुमारा. बाईंच्या हातासाठी त्याने रकानाच आखला नव्हता. त्याने वही मिटली.

"म्हणजे मी तीन खेपा मारल्या त्या मुठीसाठी?" दुकानदार म्हणाला.

"चहा चांगला होता, शेठ," मास्तर म्हणाले.

आठ दिवसांनी पहिली जत्रा आली. उन्हे उतरली होती. बाईंचे तिसरे गाणे रंगात आले असता समितीचे चिटणीस शाल घेऊन मंचाची पायरी चढू लागले. बाईंची मूठ वळली. ढोलकी थांबली, बासरी थांबली, गिटार थांबली. तरीही संगीत चालूच होते.

बाईंनी सवयीप्रमाणे गिटारवादकाकडे पाहिले. त्याने दोन्ही हात तारांपासून दूर, वर धरून दाखवले. मग बाईंची नजर सावकाश पलीकडे गेली. तेथे कीबोर्डवादक होता. त्याने याच मोसमासाठी लाल-हिरव्या दिव्यांचा नवा कीबोर्ड घेतला होता, आणि त्यावर वाकून तो एक बटण शोधीत होता. चिटणीस शाल हातात धरून नाचाच्या ठेक्यावर मंचाच्या मध्यापर्यंत आले.

कार्यक्रम संपल्यावर बाई सामान आवरता आवरता गिटारवादकापाशी थांबल्या. नव्या गिटारकडे त्यांनी पाहिलेही नाही. "दुसऱ्या जत्रेला टेम्पो सकाळी सहाला निघतो," एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढे कीबोर्डवादकाकडे गेल्या. तेथे त्या बराच वेळ थांबल्या.

दुसऱ्या दिवशी कीबोर्डवादक गिटारवादकाच्या दारात उभा होता. त्याच्या काखेत एक कोरी वही होती.

"तुझे ते मास्तर कुठे राहतात?" त्याने विचारले.

"चल, मीच येतो तुझ्याबरोबर," गिटारवादक चपला घालत म्हणाला. "वही राहू दे इथे. वाटेत औषधांच्या दुकानातून थोडा कापूस घेऊ."